‘आपले कागद चोख आहेत, मग भ्यायचं कशाला?’

नाशिकहून एका आईने विचारलंय. मुलगा टेक्ससमध्ये एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी कॅम्पसवर गाझासाठीच्या निदर्शनात तासभर उभा राहिला होता, इन्स्टाग्रामवर दोन पोस्टही टाकल्या होत्या. आता फोनवर तिकडच्या राजकारणाचा विषय निघाला की “आई, जेवलीस का?” म्हणून विषय बदलतो. त्याचे बाबा म्हणतात, “आपण काय घुसखोर आहोत? फी भरलीय, व्हिसा घेतलाय. ज्यांनी कायदा मोडला त्यांनी भ्यावं.” आईच्या डोळ्याला डोळा नाही. तिचे प्रश्न तीन: दोघांत खरं कोणाचं, पोस्ट पुसून टाकायला सांगायचं का, आणि डिसेंबरात मोठ्या बहिणीच्या लग्नाला त्याला येऊ द्यायचं का.

ताई, मी न्यू जर्सीत २२ वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. हे नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहितेय. इथे हल्ली नियम दर आठवड्याला बदलतात, म्हणून तारीख आधीच सांगून ठेवते. तुमच्या मुलाची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही ठिकाणी “ते अवलंबून आहे” असंच म्हणावं लागेल. आधी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं घेते, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

ते वाक्य मी रोज ऐकते. माझ्यासमोर खुर्चीत बसलेला माणूस “मॅडम, मी आजवर एक सिग्नल तोडलेला नाही” इथूनच सुरुवात करतो. यात गृहीत असं धरलेलं असतं की इमिग्रेशनचा कायदा ट्रॅफिकच्या कायद्यासारखा आहे: चूक केली तर पावती, नाही केली तर पुढे जा. तो तसा नाही. तुमचा मुलगा तिथे आहे तो परवानगीवर. ती ज्या खात्याने दिली, तेच खातं ती काढून घेऊ शकतं, आणि काढून घेण्यासाठी मुलाने गुन्हा केलेलाच असावा लागतो असं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये नेमकं हेच झालं, आणि तुमच्या मुलासारख्याच मुलांच्या बाबतीत झालं. परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद ‘सेव्हिस’ नावाच्या संगणकीय वहीत असते. सरकारने सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं एफबीआयच्या गुन्हे नोंदींशी ताडून पाहिली. ६,४०० च्या आसपास नावं जुळली, आणि पाहता पाहता ४,७०० हून अधिक मुलांच्या नोंदी बंद झाल्या. त्या गुन्हे नोंदींत एकदा नाव गेलं की खटला मागे घेतला तरी, आरोप टिकला नाही तरी, नाव तिथेच राहतं. उटामधल्या एका जपानी पीएचडी विद्यार्थ्याच्या नावावर काय होतं? मासेमारीचा नियम मोडल्याची एक पावती, तीही रद्द झालेली, आणि वेगाच्या एकदोन पावत्या. आमच्या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मी मुलं भारतीय होती.

माझ्याकडे तेव्हा मूळचा सोलापूरचा एक मुलगा आला. हातात फाइल, सोबत चाकाची बॅग. पदवीला पाच आठवडे राहिलेले. दोन वर्षांपूर्वी रूममेटशी भांडण झालं, शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं, केस उभीच राहिली नाही. हे सगळं त्याने नंतर व्हिसाच्या मुलाखतीत स्वतःहून सांगितलं होतं आणि तरीही त्याला व्हिसा मिळाला होता. आता विद्यापीठाचा दोन ओळींचा ईमेल: नोंद बंद झाली आहे, आजपासून काम थांबवा. त्याने त्या रात्रीचं तिकीट काढलं होतं. मी म्हटलं, थांब, कोर्टात दावे दाखल होताहेत. तो थांबला. देशभर शंभराहून अधिक दावे दाखल झाले, न्यायाधीश एकामागून एक स्थगिती देऊ लागले, आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं की नोंदी पुन्हा चालू करतोय. त्याच मुलाचा एक मित्र त्याच्या आदल्या आठवड्यात घाबरून निघून गेला होता. नोंद त्याचीही पूर्ववत झाली, पण तोवर तो पुण्यात होता. आता नव्याने मुलाखत, नव्याने रांग.

म्हणून मिस्टरांना सांगा, या मुलांचे कागदही चोखच होते.

आता बोलण्या-लिहिण्याचं. रुमेसा ओझतुर्क ही टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की पीएचडी विद्यार्थिनी. मार्च २०२४ मध्ये तिने आणखी तिघांबरोबर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात गाझाविषयी विद्यापीठाच्या भूमिकेवर टीका करणारा लेख लिहिला. वर्षभराने, २५ मार्च २०२५ च्या संध्याकाळी, ती रोजा सोडायला मैत्रिणींकडे निघाली असताना सॉमरव्हिलच्या फुटपाथवर साध्या कपड्यांतल्या सरकारी माणसांनी तिला घेरलं आणि स्वतःच्या तोंडांवर मास्क चढवले. शेजारच्या कॅमेऱ्यात ते सगळं टिपलं गेलं. तिचा व्हिसा चार दिवस आधीच रद्द झाला होता, पण तिला कुणी कळवलंच नव्हतं. रात्रीतून न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, आणि सकाळी विमानाने थेट लुइझियाना. सहा आठवड्यांनी, ९ मे रोजी, व्हरमाँटच्या न्यायाधीशांनी सोडलं. एवढ्या अवधीत त्या लेखापलीकडे सरकारला काही दाखवता आलं नाही.

कोलंबिया विद्यापीठातल्या गाझा-निदर्शनांत पुढे असलेल्या महमूद खलीलकडे तर ग्रीन कार्ड होतं. त्याची बायको अमेरिकन नागरिक, आठव्या महिन्यात. १०४ दिवस तो लुइझियानातल्या जेना गावी कोठडीत होता, मुलगा जन्मला तेव्हाही. गुन्ह्याचा आरोप एकही नाही. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं, क्वचित वापरलं जाणारं एक कलम काढलं: या माणसाच्या इथे असण्याने अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला बाधा येते असं परराष्ट्रमंत्र्यांना वाटलं तर त्याला बाहेर काढता येतं. मंत्र्यांनी तसं पत्र दिलं. आपल्या भारताचे बदर खान सुरी, जॉर्जटाउन विद्यापीठात संशोधक, त्यांनाही मार्चमध्ये घराबाहेरून उचललं आणि टेक्ससला नेऊन ठेवलं. मे महिन्यात कोर्टाने सोडलं.

असं करता येतं तरी कसं, हा खरा प्रश्न. याचं मूळ १८९३ मध्ये आहे. तेव्हा अमेरिकेत चिनी मजुरांना दाखला जवळ बाळगण्याची सक्ती होती. फाँग युए तिंग नावाच्या माणसाकडे तो नव्हता. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि हरला. कोर्ट म्हणालं, देशाबाहेर काढणं ही शिक्षा नव्हेच. एवढं एक वाक्य, पण १३० वर्षं आम्ही त्याच्याखाली काम करतोय. शिक्षा नव्हे, म्हणून ज्युरी नाही. शिक्षा नव्हे, म्हणून सरकारी खर्चाने वकील नाही. पाकीटमाराला इथे सरकार वकील देतं, पण इमिग्रेशन कोर्टात चार वर्षांचं पोर एकटं उभं असलं तरी कायद्याने त्याला वकील द्यायचं बंधन नाही. आणि ज्याला आपण तिथे ‘जज’ म्हणतो, तो न्यायखात्याचा नोकर आहे, सरकारी वकिलासारखाच पगारी. यंदा असे शंभराहून जास्त जज काढले गेले किंवा सोडून गेले.

इथे जरा आडवाट घेते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला सुप्रीम कोर्टात आला. हिंदी माणूस ‘गोरा’ धरता येत नाही, म्हणून नागरिकत्व नाही, असा निकाल लागला. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, नाव मात्र थेट आपल्या वळणाचं. निकालानंतर सरकार आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेऊ लागलं आणि पंडितांवरही उलटलं. त्यांनी स्वतःचा खटला स्वतःच उभा केला: मी तुमच्या शब्दावर विसंबून इथे वकील झालो, घर घेतलं, लग्न केलं, आता शब्द फिरवता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची मागणी ऐकूनच घेतली नाही, आणि बाकी हिंदी लोकांवरचे दावेही थंडावले. माझ्या टेबलामागे त्यांच्या निकालाचं पहिलं पान लावलेलं आहे. येणाऱ्यांना वाटतं माझी पदवी आहे.

तर ‘घुसखोर’ आणि ‘आपण’ ही रेघ. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकी लष्कराचं विमान उतरलं. १०४ भारतीय, हातापायांत साखळदंड. त्यात ३३ हरियाणाचे, ३३ गुजरातचे, ३० पंजाबचे आणि तिघं महाराष्ट्राचे. त्या दिवशी इथल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर “बरं झालं, यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं” असे मेसेज फिरत होते. मी त्या ग्रुपांत आहे, मी वाचलेत. दोन महिन्यांनी सेव्हिसच्या नोंदी बंद झाल्या तेव्हा त्याच ग्रुपांवर रात्री एक वाजता माझा नंबर शोधला जात होता. कोठडी तीच, खातं तेच, आणि वरून रोजच्या ३,००० अटकांचं लक्ष्य दिलेलं. आकडा गाठायचा म्हटल्यावर कोण सापडतं? पत्ता माहीत असलेला, तारखेला हजर राहणारा. हे लिहिताना, नोव्हेंबर २०२५ मध्ये, इमिग्रेशनच्या कोठडीत ६०,००० हून अधिक माणसं आहेत आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांना कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही.

हे सगळं याच सरकारने नव्याने उभारलं असंही म्हणणार नाही. ओबामांच्या काळात, २०१२ च्या एका वर्षात, ४ लाखांहून जास्त लोक बाहेर काढले गेले आणि तेव्हाही मी हीच वकिली करत होते. यंत्र जुनंच आहे. त्याला असलेले लगाम बहुतेक सवयीचे, शिष्टाचाराचे होते: शाळेत, देवळात, इस्पितळात शिरायचं नाही, कोर्टात तारखेला आलेल्याला धरायचं नाही. जानेवारीत ते काढले. जुलैमध्ये नव्या कायद्याने एकट्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर दिले.

कोर्टात तारखेला आलेल्याला धरणं म्हणजे काय, ते सांगते. माझा एक पक्षकार, पंजाबचा तरुण, आश्रयाचा अर्ज केलेला, ट्रक चालवणारा. एकही तारीख चुकवली नव्हती. जूनमध्ये सुनावणीला सरकारी वकील उभा राहिला आणि म्हणाला, आम्ही केस मागे घेतो. मुलाचा चेहरा उजळला. “मॅडम, मिटली ना?” माझ्या पोटात गोळा आला, कारण केस मागे घ्यायची ती त्याला विनासुनावणी झटपट काढण्याच्या रांगेत टाकण्यासाठी, हे तोवर आम्हाला कळून चुकलं होतं. दाराबाहेर, लिफ्टपाशी, चौघं मास्क लावून उभे होते. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, पार्किंगचं मीटर साडेअकराला संपतं. एवढंच बोलायला वेळ मिळाला.

पाच दिवसांत त्याला तीन ठिकाणी हलवलं. हे हलवणं उगाच नसतं. कोठडीला आव्हान द्यायचं तर हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो, आणि तो साधारणपणे माणूस त्या क्षणी ज्या जिल्ह्यात बंद आहे तिथल्याच कोर्टात. न्यू जर्सीत असताना अर्ज दाखल झाला तर इथले न्यायाधीश ऐकतात, लुइझियाना-टेक्ससला विमान उतरलं की तिथले, आणि तिथल्या अपील कोर्टाचा कल सरकारकडे. म्हणून घरच्यांचा पहिला फोन रात्री दोनला आला की पहाटेपर्यंत, त्याला हलवायच्या आत, मी अर्ज दाखल करते. हेबियस म्हणजे काय हे माझ्या वडिलांना समजावावं लागलं नाही. १९७५ मध्ये, आणीबाणीत, त्यांचे थोरले बंधू मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात होते.

कोर्टं उपयोगी पडतात का? जिल्हा कोर्टं बऱ्याचदा उपयोगी पडली. ३० सप्टेंबरला बोस्टनच्या न्यायाधीश विल्यम यंग यांनी १६१ पानी निकाल दिला: कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी माणसाला बोलण्याचं स्वातंत्र्य नागरिकाइतकंच आहे, आणि या अटकांचा हेतू बाकीच्यांना गप्प बसवण्याचा होता. निकालाच्या अगदी वर त्यांनी आपल्याला आलेलं एक निनावी पोस्टकार्ड छापलंय. ट्रम्पकडे माफीचे अधिकार आहेत, रणगाडे आहेत, तुमच्याकडे काय आहे, असं त्यात विचारलेलं. त्याला त्यांनी उत्तर दिलं: एकट्याकडे कर्तव्याच्या जाणिवेपलीकडे काही नाही, पण आपण सगळे मिळून आपल्याकडे राज्यघटना आहे. त्याच महिन्यात, ८ तारखेला, सुप्रीम कोर्टाने मात्र लॉस एंजेलिसमधल्या अटकांवरची बंधनं उठवली. रंग, भाषा आणि कामाची जागा पाहून माणसांना थांबवू नका, असा खालच्या कोर्टाचा आदेश होता. तेव्हा कोर्टावर विसंबायचं ते छत्रीवर विसंबावं तितकंच. पाऊस थांबत नाही.

आता पोस्टचं. घाबरून पुसायला सांगू नका. व्हिसाच्या अर्जात पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात, आणि यंदा जूनपासून विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलंय. पोस्ट नुसती असण्यापेक्षा खातं लपवणं किंवा खोटं लिहिणं जास्त अंगलट येतं. खोट्या माहितीचा ठपका कायमचा दरवाजा बंद करतो, आणि त्यातून सोडवणं मला फार थोड्यांदा जमलंय. पोस्टमध्ये काय आहे यावरही अवलंबून आहे. “युद्ध थांबवा” वेगळं, एखाद्या सशस्त्र संघटनेचा झेंडा वेगळा. दुसरा प्रकार असेल तर पोस्टला हात लावायच्या आधी त्याने वकिलाला दाखवावी.

आणि पुढे त्याने निदर्शनाला जावं का? वकील म्हणून मी आज विद्यार्थ्यांना सांगते: हक्क पूर्ण तुझा आहे, पण तो सिद्ध करायला सहा आठवडे कोठडीत काढायची तयारी असेल तरच जा. हे सांगताना मला लाज वाटते. यंग यांनी ज्याला गप्प बसवणं म्हटलं, ते काम माझ्या ऑफिसात, माझ्या तोंडून, तासाच्या फीवर होतं. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या एका आदेशात इमिग्रेशन वकिलांचं नाव घेऊन कारवाईचा इशारा होता, आणि तेव्हापासून काही मोठ्या फर्मांतले, जे पूर्वी फुकट केसेस घ्यायला आपणहून फोन करायचे, ते माझा फोन उचलत नाहीत. मुलगा “जेवलीस का” म्हणतो त्याला भित्रा समजू नका. एवढी मोठमोठी माणसंही हल्ली तेच विचारताहेत.

टेक्ससमध्ये मला पोस्टपेक्षा गाडीची काळजी जास्त वाटते. याच राज्यात लागो व्हिस्टा गावात एका आईला सीटबेल्ट न लावल्याबद्दल बेड्या घातल्या होत्या, आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालतं म्हटलं. बोटांचे ठसे घेतले गेले की ते आपोआप इमिग्रेशन खात्याकडे जातात. लायसन्सची मुदत, इन्शुरन्स, वेग, आणि पार्टीनंतर स्टिअरिंगला हात नाही: फोनवर हे जरूर बोला, यात राजकारण नाही. घराच्या दारावर कुणी आलं तर दार न उघडता वॉरंट खालून सरकवायला सांगायचं आणि सही बघायची. न्यायाधीशाची नसून खात्याच्याच अधिकाऱ्याची असेल तर आत घ्यायचं बंधन नाही. कुठलाही कागद वकिलाशिवाय सही करायचा नाही. खरं तर हे त्याच्यापेक्षा ग्रीन कार्डवर येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना जास्त सांगावं लागतं. सहा-आठ महिने पुण्यात राहून परतताना विमानतळावर गोड बोलून कार्ड सोडल्याच्या फॉर्मवर त्यांची सही घेतली जाते. पासपोर्ट, आय-ट्वेंटी (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद), आय-नाइंटीफोर (देशात आल्याची सरकारी नोंद) यांच्या प्रती एका विश्वासू मित्राकडे, आणि वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, पाठ हवा. फोन पहिल्यांदा काढून घेतात.

राहिलं लग्न. व्हिसा म्हणजे आत यायचं तिकीट, आणि आत असताना राहण्याची परवानगी वेगळी. तुमचा मुलगा आत आहे तोवर त्याची बाजू बरीच भक्कम आहे. बाहेर पडून परत दारात उभा राहिला की अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग वाढतो. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का पुढच्या वर्षापर्यंत चालू असेल, सेव्हिसची नोंद चालू असेल, पोलिसांशी कधीच संबंध आला नसेल, आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाने आय-ट्वेंटीवर प्रवासाची सही दिली असेल, तर मी माझ्या भाच्याला जाऊ दिलं असतं. मात्र येताना फोनमध्ये काय आहे ते तपासलं जाऊ शकतं, हे धरून चालायचं. शिक्का संपलाय आणि मुंबईत नव्याने मुलाखत द्यावी लागणार असेल तर गणित पार बदलतं. मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत सत्र सुरू होऊन जाईल, आणि ते निदर्शन, त्या पोस्ट, सगळं त्या खिडकीपाशी नव्याने उघडेल. तसं असेल तर लग्न व्हिडिओ कॉलवर दाखवा. तिकिटाच्या पैशांतून त्याला तिथल्या एखाद्या चांगल्या वकिलाची एक तासाची भेट घेऊन द्या, आणि त्या भेटीला जाताना पासपोर्टबरोबर पोलिसांची, कोर्टाची, पार्किंगची, जी काही चिठ्ठी आजवर मिळाली असेल ती घेऊन जायला सांगा, रद्द झालेलीसुद्धा.